पटल चोंदते तेव्हा : सांडपाणी शुद्धीकरणातील एक चिवट अडचण

नवी दिल्ली – वजिराबाद ते ओखला हे यमुनेचे पात्र सुमारे २२ किलोमीटर लांबीचे आहे. नदीच्या एकूण लांबीच्या ते जेमतेम दोन टक्के भरते. परंतु नदीतील तीन चतुर्थांशाहून अधिक प्रदूषणाचा भार याच पट्ट्यात तिच्यात मिसळतो. हा भार मुख्यतः घरगुती सांडपाण्याचा आहे. दिल्लीतील प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जैव-रासायनिक ऑक्सिजन मागणी आणि तरंगते घन पदार्थ या दोहोंचे प्रमाण लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे राजधानीत बंधन आहे. जागेची टंचाई असलेल्या महानगरात ही कसोटी पार करू शकणारे एक तंत्र म्हणजे मेम्ब्रेन बायोरिअॅक्टर, अर्थात जीवाणू आणि गाळण-पटल यांची जोडी. या तंत्राचे यशापयश मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरते : पटल चोंदण्याचे काय करावयाचे?

पद्धत कशी चालते?

सांडपाण्यात हवा सोडून जीवाणूंकरवी त्यातील घाण पचविण्याची सक्रिय गाळ पद्धत इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९१४ मध्ये मांडली गेली. तीत जीवाणूंचा गाळ मोठ्या निवळण टाकीत खाली बसू द्यावा लागतो. गाळ नीट बसला नाही, तर तो पाण्याबरोबर वाहून जातो. मेम्ब्रेन पद्धतीत या टाकीची जागा पटल घेते. पटलाची छिद्रे साधारणतः ०.०३ ते ०.४ मायक्रॉन, म्हणजे बहुतेक जीवाणूंहून लहान असतात. त्यामुळे गाळ आतच राहतो आणि नितळ पाणी बाहेर येते. टाकीत लिटरमागे ८ ते १२ ग्रॅम इतका दाट गाळ राखता येत असल्याने जागाही कमी लागते.

पटल थेट गाळाच्या टाकीत बुडवून बारीक शोषणाने पाणी खेचण्याची कल्पना जपानी संशोधक काझुओ यामामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडली. आजची बहुसंख्य केंद्रे याच तत्त्वावर चालतात. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेच्या वेळी अक्षरधामजवळील क्रीडाग्रामासाठी दिवसाला १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ४५ लाख लिटर क्षमतेचे असे केंद्र उभारण्यात आले.

पटल का चोंदते?

जे जीवाणू पाणी शुद्ध करतात, तेच पटलही चोंदवतात. जीवाणू आपल्याभोवती प्रथिने व शर्करायुक्त चिकट द्रव्य स्रवतात. हे द्रव्य प्रथम छिद्रांत शिरते, मग पृष्ठभागावर थर धरते आणि त्यावर जीवाणूंची वसाहत वाढते. आरंभी दाब संथपणे चढतो. काही छिद्रे बंद झाली की उरलेल्या छिद्रांवर ताण येतो, तीही झपाट्याने बुजतात आणि दाब एकाएकी उसळतो.

याखेरीज पाणी कठीण असल्यास चुन्याचे क्षार पटलावर जमतात. केस, धागे आणि प्लास्टिकचे तुकडे पटलाच्या पोकळ तंतूंना गुंडाळून त्यांच्या जुड्या बांधतात. उत्तर भारतातील थंडीचाही परिणाम होतो. ३० अंश तापमानाच्या तुलनेत १५ अंशांवर पाणी सुमारे ४० टक्के अधिक दाट प्रवाही होते. तेवढेच पाणी काढण्यास अधिक दाब लागतो आणि पटल लवकर चोंदते.

उपाय कोणते?

चोंदणे पूर्णतः टाळता येत नाही. ते केवळ आटोक्यात ठेवता येते. पहिला उपाय म्हणजे आरंभीच १ ते ३ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीने केस व कचरा अडविणे. दुसरा, पटलाखालून हवेचे बुडबुडे सतत सोडून थर खरवडत राहणे. तिसरा, दर काही मिनिटांनी शोषण थांबविणे किंवा स्वच्छ पाणी उलट दिशेने सोडणे. ठरावीक काळाने रासायनिक धुलाईही करावी लागते. सेंद्रिय थरासाठी सोडियम हायपोक्लोराइट आणि क्षारांसाठी सायट्रिक आम्ल वापरतात. क्लोरीनचा वापर अति झाल्यास पटलाचे आयुष्य घटते.

हवेच्या या खरवडीमुळे विजेचा खर्च वाढतो. मेम्ब्रेन केंद्रात घनमीटर पाण्यामागे सर्वसाधारणपणे ०.६ ते १ युनिट वीज लागते. परंपरागत सक्रिय गाळ पद्धतीत ती सहसा याहून कमी पुरते. वीज वाचविण्यासाठी हवा कमी केली, तर पटल चोंदते आणि खर्च धुलाईच्या रूपाने परत येतो.

दक्षिण कोरियातील सेऊल राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये वेगळी वाट दाखविली. जीवाणू रासायनिक संकेतांनी एकमेकांशी संवाद साधून थर उभारतात. हे संकेत विकरांच्या साहाय्याने नष्ट केल्यास थर मंदावतो, असे त्यांना आढळले.

देखभालीची कसोटी

हा प्रश्न केवळ मोठ्या केंद्रांपुरता नाही. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना पूर्वमंजुरी घ्यावी लागू लागली आणि तिच्या अटींत बहुधा स्वतंत्र सांडपाणी प्रक्रियेचाही समावेश राहिला. गुरुग्राम आणि नोएडा येथील अनेक गृहसंकुलांत अशी केंद्रे आहेत. तेथे सकाळी पाण्याचा लोंढा येतो, दुपारी ओघ आटतो. अशा चढउतारात पटलाकडून क्षमतेबाहेर पाणी ओढले गेले, तर दोष तंत्राचा नसून हाताळणीचा असतो.

पटलाची प्रकृती जाणण्यास मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. प्रवाह तेवढाच ठेवून दाब रोज नोंदविला, तर चढता आकडा वेळीच इशारा देतो. ती नोंद ठेवणारा प्रशिक्षित कर्मचारी, नियमित धुलाई आणि अखंड वीज या तीन गोष्टी लाभल्या, तर चांगल्या प्रतीचे पटल दहा वर्षांपर्यंत टिकू शकते. त्या न लाभल्यास महागडे केंद्रही बंद पडते आणि त्याच्या वाट्याचे सांडपाणी नाल्यावाटे पुन्हा यमुनेलाच जाऊन मिळते.