जिवाणूत घड्याळ रचणारा विद्यार्थी

सजीवांच्या पेशीत दिवस-रात्रीचा ताल राखणारी घड्याळे असतात, हे शास्त्रज्ञांना पूर्वीच उमगले होते. पण असे घड्याळ मुळापासून रचता येईल का, हा प्रश्न १९९०च्या दशकात अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने हाती घेतला. मायकेल एलोविट्झ हे त्याचे नाव. जीवशास्त्राची नव्हे, तर पदार्थविज्ञानाची पदवी त्यांनी १९९२ मध्ये बर्कले येथून मिळवली होती. मार्गदर्शक स्टॅनिस्लास लाइब्लर हेही मूळचे पदार्थवैज्ञानिकच. प्रश्नाचा रोख बहुधा त्यामुळेच वेगळा पडला.

त्यांनी ई. कोलाय जिवाणूत तीन जनुकांचे वर्तुळ बसवले. पहिल्याचे प्रथिन दुसऱ्याला बंद पाडते, दुसऱ्याचे तिसऱ्याला आणि तिसऱ्याचे पुन्हा पहिल्याला. त्यामुळे कोणाचाच अंमल टिकत नाही. तिन्ही प्रथिने तीन घरची : एक त्याच जिवाणूच्या दुग्धशर्करा पचवण्याच्या यंत्रणेतले, दुसरे टेट्रासायक्लिनला दाद न देणाऱ्या जिवाणूंतले, तिसरे एका विषाणूतले. आधी गणिती प्रारूप, मग प्रयोग. जोडीला जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन दिले आणि जिवाणू ठरावीक काळाने उजळू-मावळू लागले. 'रिप्रेसिलेटर' नावाची ही रचना जानेवारी २००० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच अंकात बोस्टन विद्यापीठाच्या चमूचा जनुकीय 'स्विच'ही होता. संश्लेषी जीवशास्त्र, म्हणजेच सिंथेटिक बायॉलॉजीचा आरंभ अनेकजण या अंकापासून मोजतात.

घड्याळ मात्र बेभरवशाचे होते. सुमारे ४० टक्के पेशींतच ते चालले. एक फेरा साधारण अडीच तासांचा. जिवाणू तासाभरातच दुभंगत असल्याने ताल पुढच्या पिढीकडे जाई खरा, पण भावंड पेशींचे ठोके लवकरच जुळेनासे होत. एखाद्या अभियंत्याने हे अपयश मानले असते. एलोविट्झ यांना त्यातच पुढचा विषय सापडला : जनुके तीच, परिस्थिती तीच, मग पेशी वेगळ्या का वागतात? २००२ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी एकाच पेशीत सारख्याच नियंत्रणाखालची, दोन रंगांची प्रथिने बनवणारी जनुके ठेवली. दोन्ही रंग सारखे उमटले नाहीत. जनुकांच्या कामात यदृच्छेचा वाटा किती, हे त्यातून मोजता आले.

पुढे ते कॅलटेकमध्ये प्राध्यापक झाले; २००७ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. रिप्रेसिलेटरचा ठोका अचूक व्हायला २०१६ उजाडले. हार्वर्डमधील संशोधकांनी तो साधला, आणि तोही मूळ रचनेतले काही भाग काढून टाकून.