वहीतली लस आणि पोटातली लस

नॉर्वेच्या सॅमनपालनाचा तो प्रसिद्ध आलेख आठवा. १९८७ मध्ये तिथे जवळपास ५० टन प्रतिजैविकं वापरली गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फुरुन्क्युलोसिस या रोगावर तेलयुक्त लस आली. दशक संपताना हा आकडा एक टनाच्याही खाली होता, उत्पादन मात्र कैक पटींनी वाढलेलं. श्रेय लसीला मिळतं, आणि ते रास्तच आहे.

पण मित्रांनो, एखाद्या तळ्यातल्या माशांना लस मिळाली होती, हे कशावरून म्हणायचं? नोंदवहीत डोस मोजलेले असतात. सुई पोटात नीट गेली का, हे वही सांगत नाही. सुदैवाने इथे दुसरा साक्षीदार आहे, खुद्द मासा! तेलयुक्त लसीमुळे त्याच्या पोटातले अवयव एकमेकांना चिकटतात. मासा कापून हे चिकटणं स्पेइलबर्ग (Speilberg) श्रेणीत ० ते ६ असं मोजतात. अर्थात, चिकटलेलं पोट म्हणजे रोगापासून संरक्षण नव्हे.

लस नोंदवली का, टोचली गेली का, रोग टळला का? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर वहीत, दुसऱ्याचं पोटात आणि तिसऱ्यासाठी मरतुकीचे, औषधांचे आकडे. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलंत, तर प्रबंध तिथेच कच्चा राहतो.