साखर किती असावी? : एका आकड्याची बखर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. पण माणसाच्या रोजच्या जगण्यावर राज्य करणाऱ्या काही साध्या आकड्यांनाही इतिहास असतो, आणि तो फारसा कोणी लिहीत नाही. ‘उपाशीपोटी १३० च्या आत, जेवणानंतर १८० च्या आत आणि तीन महिन्यांची सरासरी ७ च्या आत’ हे असेच तीन आकडे. आज ते घरोघर मंत्रासारखे म्हटले जातात. बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरात म्हटले जातात, तसे भिंतीपलीकडच्या गुजराती घरातही. आपण ‘मधुमेह’ म्हणतो, ते ‘मधुप्रमेह’ म्हणतात, आणि बोलता बोलता दोघेही ‘डायबिटीस’वर येऊन थांबतो. पण हे आकडे आले कोठून, ते कोणी ठरवले आणि सर्वांना सारखेच लागू आहेत का, असे विचारणारा विरळा.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रमाणात गोवा सर्वांत पुढे, २६.४ टक्के. म्हणजे गोव्यात दर चार प्रौढांमागे एक.

तीन वर्षांपूर्वी मीही या मोठ्या पंगतीत जाऊन बसलो. रिपोर्ट हाती आल्यावर आठ दिवसांत तीन सल्ले मिळाले. शाळेतले एक सहकारी म्हणाले, “सर, दोनशेपर्यंत काही होत नाही, माझी कायम तेवढीच असते.” शेजारचे काका म्हणाले, “शंभरच्या वर एक आकडा जाऊ द्यायचा नाही.” लंडनहून चुलतभावाचा फोन आला, “माझी सकाळची सातच असते रे, तुझी दीडशे कशी?” तो मोजत होता तिकडच्या एककात आणि मी इकडच्या. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. सात गुणिले अठरा म्हणजे १२६. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, त्या गावच्या इतिहासाच्या मास्तराने तीन सल्ल्यांत गोंधळून बसावे हे बरे दिसत नाही. तेव्हा सवयीप्रमाणे मूळ साधनांकडे वळलो. हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या प्राचीन वैद्यांना हा रोग चांगला ठाऊक होता. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यांतला एक मधुमेह. लघवीला मुंग्या लागणे ही खूणही त्यांनी नोंदवली. पण मला विशेष वाटले ते निराळेच. प्रमेहाचा एक रोगी स्थूल आणि बलवान असतो, तर दुसरा कृश आणि दुर्बळ, असा भेद चरकसंहिता करते. पहिल्याचे शोधन करावे, दुसऱ्याचे पोषण करावे, असे सांगते. एकच रोग, पण माणूस वेगळा म्हणून उपचार वेगळा. हे सूत्र लक्षात ठेवावे, पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

युरोपात १६७४ च्या सुमारास टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने लघवीची गोडी चव घेऊन नोंदवली. पुढे १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने ती आटवून खाली उरलेली साखर दाखवली आणि रोग्याच्या रक्ताचे पाणीही गोड लागते असे लिहिले. साखर रक्तात असते हे कळले. मात्र रोजच्या रोज ती मोजता येईना, आणि जे मोजता येत नाही त्याचे उद्दिष्ट तरी काय ठरवणार?

मोजण्याचे पहिले घरगुती साधन दिले अमेरिकेच्या स्टॅन्ली बेनेडिक्टने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. माझ्या पिढीतल्या अनेकांनी ते पाहिले असेल. आमच्या घरी आजोबांची एक काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा असे. निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून नळी तापवायची. निळा रंग राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत गेला तर साखर वाढलेली, आणि विटकरी झाला की घरात सगळ्यांची तोंडे उतरत. त्या काळी साखरेचे उद्दिष्ट आकडा नव्हता, रंग होता. त्यात खोट अशी होती, की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. नळी निळी राहिली म्हणजे साखर १७० आहे की ७०, हे कळण्याची सोय नव्हती.

मधल्या काळात एक मोठी क्रांती होऊन गेली. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो येथे इन्सुलिन सापडले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले गेले. ११ जानेवारीच्या पहिल्या इंजेक्शनाने फारसे साधले नाही. २३ जानेवारीपासून अधिक शुद्ध अर्क दिला, तेव्हा साखर झपाट्याने उतरली आणि मुलगा वाचला. त्याआधी अशा मुलांपुढे एकच प्रश्न असे, किती महिने जगणार? इन्सुलिन आल्यावर प्रथमच दुसरा प्रश्न उभा राहिला, साखर किती खाली आणायची? कारण साखर फार खाली गेली की माणसाला दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात, तो बेशुद्ध पडतो, वेळेवर साखर पोटात गेली नाही तर जिवावरही बेतते. वर गेली तर हळूहळू नाश आणि खाली गेली तर घटकेत घात, अशी ही दुधारी तलवार.

त्यावरून वैद्यकात दोन तट पडले. बॉस्टनचे एलियट जॉस्लिन कडक नियमाचे. साखर शक्य तितकी निरोगी माणसाइतकी ठेवा, आहार तोलून घ्या, असे ते सांगत. न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉल्स्टॉय उलट बाजूचे. रोग्याला त्रास नसेल, वजन घटत नसेल, तर लघवीत साखर गेली तरी जाऊ द्या, त्याला माणसासारखे जगू द्या, असे त्यांचे म्हणणे. हा वाद काही दशके चालला. दोन्ही बाजूंना अनुभव होता, पुरावा कोणाकडेच नव्हता. माझ्या सहकाऱ्यांचे ‘दोनशे’ आणि काकांचे ‘शंभर’ हा त्याच जुन्या वादाचा पडसाद आहे, हे मला वाचताना जाणवले.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. रोग आहे की नाही हे ठरवणारी रेषा वेगळी आणि रोग झाल्यावर गाठायचे उद्दिष्ट वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये उपाशीपोटी १४० ही रोगनिदानाची रेषा धरली होती. अमेरिकन मधुमेह संघटनेने १९९७ मध्ये ती १२६ वर आणली, पाठोपाठ जागतिक संघटनेनेही. ज्यांची साखर १३० होती ते आदल्या दिवशी निरोगी होते, दुसऱ्या दिवशी रोगी झाले. आम्हा शिक्षकांना याचे नवल वाटत नाही. महाराष्ट्र बोर्डात पास व्हायला ३५ गुण लागतात, गुजरात बोर्डात ३३. चौतीस गुण मिळवणारा मुलगा सीमेच्या एका बाजूला पास आणि दुसऱ्या बाजूला नापास. मुलगा तोच असतो. मात्र साखरेची रेषा मनात आले म्हणून ओढलेली नव्हती. कोणत्या साखरेपासून डोळ्यांच्या पडद्यावर विकार दिसू लागतो, हे अमेरिकेतल्या पिमा आदिवासींत आणि इतरत्र तपासून ती आखली गेली.

उद्दिष्ट ठरवण्यासाठी आणखी एक साधन लागत होते, ते म्हणजे तीन महिन्यांचा हिशेब. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. मधुमेह्यांत असे हिमोग्लोबिन वाढलेले असते, हे तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांनी १९६० च्या दशकाअखेर दाखवले. आज आपण ज्याला ‘एचबीए१सी’ म्हणतो ती हीच तपासणी. सात टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४, आठ टक्के म्हणजे १८३. पण आपल्या सीमाभागासाठी एक इशारा येथेच देतो. नंदुरबारपासून दक्षिण गुजरातपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा विकार आढळतो. अशा माणसाच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात, म्हणून हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने तो खोटाच वाढलेला दिसू शकतो. घरात असे काही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

आता पुराव्याकडे वळू. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण एकदम सगळ्या राज्यावर लादले नाही. १८९३ मध्ये आधी अमरेली भागात प्रयोग केला, फळ पाहिले आणि मग १९०६ मध्ये राज्यभर कायदा केला. वैद्यकानेही शेवटी हाच मार्ग धरला. अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रोग्यांवरचा मोठा प्रयोग १९९३ मध्ये पूर्ण झाला. हे सारे लहानपणी किंवा तरुणपणी होणाऱ्या, इन्सुलिनवरच जगवणाऱ्या मधुमेहाचे रोगी. एका गटाचा तीन महिन्यांचा आकडा ७ च्या आसपास ठेवला, दुसऱ्याचा ९ च्या आसपास राहिला. कडक गटात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंगही तिप्पट झाले. जॉस्लिन बरोबर होते, पण टॉल्स्टॉयची काळजीही अगदीच फोल नव्हती.

मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचे उत्तर ब्रिटनने दिले. रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात ५१०२ रोगी घेतले, आणि ते सारे नुकताच रोग कळलेले, म्हणजे आपल्यासारखेच नवशिके. त्यांत भारतीय उपखंडातून तिकडे गेलेलेही होते. कडक गटाचे उपाशीपोटीचे उद्दिष्ट होते १०८ च्या आत. दुसऱ्या गटाला त्रास होत नसेल तर २७० पर्यंत चालवून घेत, इतका त्या काळी अंधार होता. निकाल आला १९९८ मध्ये. दहा वर्षांत कडक गटाची सरासरी ७.० राहिली, दुसऱ्याची ७.९, आणि एवढ्याशा फरकाने डोळे, मूत्रपिंड वगैरेंच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. खरी गंमत पुढेच आहे. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर वर्षभरात सारखी झाली, तरीही दहा वर्षांनी, २००८ मध्ये पाहिले तेव्हा पूर्वीच्या कडक गटाचा फायदा टिकून होता. सुरुवातीच्या वर्षांत राखलेली साखर पुढच्या आयुष्यात ठेवीसारखी व्याज देते. नव्या रोग्याने ‘आत्ताच कळलंय, सावकाश बघू’ म्हणू नये, याला एवढे एक कारण पुरे आहे.

मग सात चांगले तर सहा अधिक चांगले नाही का? हेही तपासले गेले. अमेरिका आणि कॅनडात १०,२५१ रोग्यांवर प्रयोग झाला. हे सरासरी ६२ वर्षांचे, दहा वर्षांचा मधुमेह अंगावर असलेले, हृदयविकाराचा धोका असलेले लोक. एका गटाला ६ च्या खाली आणायचे, दुसऱ्याला ७ ते ७.९ मध्ये ठेवायचे. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक उपचार मध्येच थांबवावा लागला. कडक गटात २५७ मृत्यू झाले होते, दुसऱ्यात २०३. जो आकडा नव्या रोग्याला तारक तोच जुन्या, थकलेल्या रोग्याला मारक ठरू शकतो, हे फार मोठी किंमत देऊन कळले.

त्यानंतर कोणत्याही जाणत्या संघटनेने सर्वांसाठी एकच आकडा सांगितला नाही. बहुतेक प्रौढांना ७ च्या आत. नुकताच रोग कळलेल्या, वयाने लहान आणि साखर एकदम उतरण्याचा धोका नसलेल्याला जमल्यास ६.५ पर्यंत. अनेक व्याधींनी ग्रासलेल्या वृद्धाला ८ पर्यंत सूट. गर्भवतीला मात्र फार कडक, उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. तेव्हा सुनेचा आकडा सासूबाईंना आणि सासूबाईंचा सुनेला लावू नये. चरकाचे स्थूल-कृश सूत्र फिरून आले ते असे.

आपल्या लोकांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम येथे सांगितलेच पाहिजे. २००४ मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकाऱ्यासह एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही उंचीशी वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, आत चरबी, अशी आपली घडण. ‘आम्ही कुठे जाडे आहोत’ या समाधानावर म्हणूनच विसंबू नये.

वाचकहो, मी डॉक्टर नाही. औषध सांगणे हे माझे काम नव्हे. पण विद्यार्थ्याला जसे मी ‘सर, का?’ विचारायला शिकवतो, तसे नव्या रोग्यालाही सांगेन. डॉक्टरांना विचारा, माझा आकडा कोणता? तो माझ्यासाठीच का? तो किती दिवसांत गाठायचा, आणि खाली घसरला तर काय करायचे? रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचे काय? शेजाऱ्याचा आकडा उसना आणू नका आणि आपला कोणावर लादू नका. आमच्याकडे दसऱ्याला फाफडा-जिलबी असते, तुमच्याकडे दिवाळीला करंज्या असतील. त्या खायच्या की नाही, किती खायच्या, याचा निर्णय आपला आकडा माहीत असलेला माणूस शांतपणे घेऊ शकतो. ज्याला तो माहीत नाही, तो एकतर भीतीने ताट परत करतो किंवा बेफिकिरीने ताट साफ करतो. शतकानुशतकांच्या खटपटीतून, हजारो रोग्यांनी स्वतःचे शरीर प्रयोगाला देऊन, हा आकडा आपल्या हाती दिला आहे. तो समजून घेणे एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.