पंडिता रमाबाई आणि पुण्याचा प्लेग

ज्याने राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारला तो मनानेही राज्यकर्त्यांचाच झाला, असा समज एकोणिसाव्या शतकात आपल्या समाजात फार दृढ होता. पंडिता रमाबाईंविषयी तर तो विशेषच होता. इंग्लंडात वाँटेज येथे १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून पुण्यातील बहुतेकांच्या लेखी त्या परक्या झाल्या. परंतु १८९७ सालचा एक प्रसंग ह्या समजाला छेद देणारा आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँडसाहेबांच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. संशयित रोग्यांना इस्पितळात व निरोगी आप्तांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात येई. देवघर आणि माजघर यांची मर्यादा उरली नाही. ह्याविरुद्ध ‘केसरी’ने लेखणी चालविली, हे सर्वश्रुत आहे. पण मे महिन्यात ‘बाँबे गार्डियन’ ह्या ख्रिस्ती साप्ताहिकात रमाबाईंनीही पत्र लिहिले, ह्याची आठवण थोड्यांनाच असते. इस्पितळात व छावणीत स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण होत नाही, असा त्यांचा उघड आरोप होता. त्यासाठी त्यांनी ऐकीव वार्तेचा आधार घेतला नाही. शारदासदनातून प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या एका मुलीची जी दुर्दशा झाली, तीच त्यांनी पुढे मांडली.

हे लिहिण्यात त्यांना लाभ कोणता होता? ज्या शहराच्या वतीने त्या बोलत होत्या त्याने त्यांना केव्हाच दूर लोटले होते. सदनात धर्मांतराला उत्तेजन मिळते ह्या वादातून १८९३ साली रानडे व भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले होते. सदनाचा खर्च चाले तो मुख्यतः अमेरिकेतील ख्रिस्ती मित्रांच्या देणग्यांवर. आणि आरोप तर ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारवरच. गप्प राहणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

पत्राचा प्रतिध्वनी विलायतेत उमटला. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गेलेल्या गोखल्यांनी पुण्यातील अत्याचारांविषयी तेथे जे आरोप केले, त्यांत ह्या पत्राचाही आधार होता. मुंबई सरकारने इन्कार केला. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि सारे वातावरणच पालटले. गोखल्यांना माहिती पुरविणारे लोक पुढे येईनात. अखेर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. रमाबाई मात्र आपल्या म्हणण्यावरून हटल्या नाहीत.

हे धैर्य आकस्मिक नव्हते. वाँटेजच्या मठातील भगिनींनी सांगितलेले मतही त्यांनी बुद्धीला पटल्याशिवाय मान्य केले नव्हते. रखमाबाईला नवऱ्याच्या घरी जा, नाही तर तुरुंगात जा असा न्यायालयाचा हुकूम १८८७ साली झाला, तेव्हा हिंदु रूढीबरोबर इंग्रज सरकारलाही त्यांनी दोष दिला होता. ख्रिस्ताला स्वामी मानल्यावर ख्रिस्ती अधिकाऱ्याचीही भीड धरण्याचे कारण नाही, असाच त्यांच्या आचरणाचा अर्थ होतो.

विरोधकाच्या अन्यायावर बोट ठेवण्यास फारसे बळ लागत नाही. आपल्याच धर्मबांधवांच्या हातून घडलेला अन्याय, आपल्याला टाकणाऱ्या समाजासाठी, उघड बोलून दाखविणे ही गोष्ट निराळी. पुण्याने रमाबाईंचे हे ऋण अद्यापि पुरतेपणी मानलेले नाही.