म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय हळूहळू लुळे का पडतात? ‘डीजनरेटिव्ह मायलोपॅथी’ आणि घरी घ्यायची काळजी

नऊ-दहा वर्षांचा जर्मन शेफर्ड चालताना मागचा पंजा घासू लागतो. डांबरी रस्त्यावर नखांचा खरखर आवाज येतो, वळताना मागचा भाग एका बाजूला झोकांडतो, जिना चढताना पाय मध्येच घसरतो. पाठीला हात लावला तर तो कण्हत नाही. भूक नेहमीसारखी असते. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, वय झालं आता. पुष्कळदा ते खरंही असतं. पण वयामुळे येणारा अशक्तपणा सहसा सगळ्या शरीराला येतो. फक्त मागचे पाय, तेही न दुखता, महिन्यागणिक जास्त बिघडत असतील तर कारण पायात नसून पाठीच्या कण्यात असण्याची शक्यता असते. अशा कारणांपैकी एक म्हणजे डीजनरेटिव्ह मायलोपॅथी.

या आजारावर औषध नाही. तरीही निदान झाल्यापासून पुढचे महिने कसे जातील, हे बऱ्याच अंशी घरातल्या माणसांच्या हातात असतं.

आजार नेमका काय आहे?

पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू म्हणजे मेंदू आणि पाय यांच्यातली तारांची जुडी. काही तारा मेंदूचे हुकूम पायांपर्यंत नेतात, तर काही ‘पाय आत्ता कुठे आणि कसा आहे’ ही खबर मेंदूला देतात. या आजारात त्या तारा आणि त्यांच्यावरचं आवरण झिजत जातं. सुरुवात साधारणपणे पाठीच्या मधल्या भागात होते, म्हणून पुढचे पाय आधी ठणठणीत राहतात. पंजा उलटा टेकला गेला तरी कुत्र्याला ते कळत नाही. डॉक्टर तपासताना मुद्दाम पंजा उलटा करून ठेवतात, ते यासाठीच. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो.

जर्मन शेफर्ड कुत्र्यांमधल्या या आजाराचं वर्णन १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. २००९ मध्ये संशोधकांना त्याचा संबंध ‘एसओडी१’ या जनुकातल्या बदलाशी सापडला. माणसांमध्ये याच जनुकातल्या बिघाडांमुळे ‘एएलएस’ या आजाराचा काही आनुवंशिक भाग होतो. स्टीफन हॉकिंग यांना झालेला आजार एएलएसच होता, म्हणजे कुत्र्यांचा हा आजार त्याच कुळातला आहे. बदललेल्या जनुकाची प्रत आई आणि वडील दोघांकडून आलेली असेल तर धोका मोठा असतो, पण अशा प्रत्येक कुत्र्याला आजार होतोच असं नाही. जर्मन शेफर्डशिवाय बॉक्सर, पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी, बर्नीज माउंटन डॉग, रोडेशियन रिजबॅक अशा अनेक जातींत तो आढळतो. सुरुवात बहुधा आठव्या वर्षानंतर होते, कॉर्गीत त्याहून उशिरा.

मोठ्या जातीचा कुत्रा पहिल्या लक्षणांनंतर साधारण सहा महिने ते वर्षभरात मागच्या पायांवर उभा राहू शकत नाही. लहान अंगाच्या कुत्र्यांना जास्त वेळ मिळतो. पुढे लघवी-शौचावरचा ताबा जातो, मग पुढचे पाय, आणि अगदी शेवटी गिळणं आणि श्वास.

निदानाआधी बाकीच्या शक्यता तपासायला हव्यात

जिवंत कुत्र्यात हा आजार शंभर टक्के सिद्ध करणारी चाचणी नाही. मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच, म्हणजे मृत्यूनंतरच, खात्री होते. तोवर डॉक्टर इतर शक्यता एकेक करून बाद करत जातात. यात घाई झाली तर बरा होऊ शकणारा कुत्रा ‘याला इलाज नाही’ म्हणून घरी बसवला जातो.

दुखणं ही इथली मोठी खूण. मणक्यांमधली गादी सरकली असेल तर त्रास बहुधा अचानक सुरू होतो आणि पाठ दुखते. खुब्याचा संधिवात, कमरेजवळ दबलेल्या नसा, मणक्यांमधला संसर्ग यांतही सहसा वेदना असते. मज्जारज्जूवरची गाठही अशीच लक्षणं देऊ शकते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्रा लटपटतो, त्यामुळे आपल्याकडे रक्ततपासणी टाळू नये. लॅब्राडोर म्हातारा असेल, मागचे पाय अशक्त असतील आणि भुंकण्याचा आवाज घोगरा होऊन धाप लागत असेल, तर तो स्वरयंत्राशी संबंधित वेगळाच नसांचा विकार असू शकतो आणि त्याची काळजी वेगळी असते.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. म्हाताऱ्या जर्मन शेफर्डच्या एक्स-रेमध्ये खुब्याचा संधिवात दिसणं मुळीच दुर्मीळ नाही. तो दिसला की सगळा दोष त्याच्यावर टाकला जातो आणि तपास तिथेच थांबतो. पण दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. संधिवाताने पाय दुखतो, पण पंजा उलटा पडल्याचं कुत्र्याला कळतं.

एमआरआयमुळे गादी, गाठ यांसारखी कारणं बाद करता येतात. मात्र प्राण्यांसाठी ही सोय मोजक्या मोठ्या शहरांतच आहे, खर्चिक आहे आणि त्यासाठी भूल द्यावी लागते. ते शक्य नसेल तर नसांची नीट शारीरिक तपासणी, काही आठवड्यांनी तीच पुन्हा, आणि गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर जनुकचाचणी, एवढ्यावरही बराच अंदाज बांधता येतो. जनुकचाचणी धोका सांगते, आजार नव्हे. तिचा अहवाल ‘सामान्य’ आला तर मात्र दुसरं कारण शोधण्याकडे वळावं.

औषधांबद्दल थोडक्यात

हा आजार थांबवणारं किंवा उलटवणारं कोणतंही औषध आजवर सिद्ध झालेलं नाही. जीवनसत्त्वांचे आणि ‘नसांच्या ताकदीचे’ महागडे डबे विकले जातात, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये. स्टेरॉइड दीर्घकाळ दिलं तर स्नायू आणखी गळतात, आणि इथे वाचवायचे असतात ते स्नायूच. घरातल्या डब्यातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नये. कुत्र्यांत त्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. एसओडी१ बिघाडामुळे एएलएस झालेल्या माणसांसाठी ‘टोफर्सन’ या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती मान्यता कुत्र्यांसाठी नाही.

व्यायामाने काय साधतं?

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा आजार असल्याचा संशय असलेले २२ कुत्रे होते. ज्यांना रोज भरपूर व्यायामोपचार मिळाला ते सरासरी २५५ दिवस जगले, मध्यम व्यायाम मिळालेले १३० दिवस आणि काहीच न मिळालेले ५५ दिवस. हे आकडे जपूनच घ्यायला हवेत. कुत्रे थोडे होते, आणि रोज इतका वेळ देणारी माणसं आपल्या कुत्र्याला निरोप देण्याचा निर्णयही उशिरा घेत असतील. तरीही दुसऱ्या कोणत्या उपायाच्या बाजूने एवढंही हाती नाही.

घरी करायचं ते साधं असतं. एकच लांब फेरी मारण्याऐवजी दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं चालवायचं, तेही इतकं सावकाश की प्रत्येक पाऊल टेकता येईल. खाऊ दाखवून बसायला आणि उठायला लावायचं. तो आडवा असताना मागचे पाय सायकल चालवल्यासारखे हलक्या हाताने हलवायचे. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, त्यामुळे जिथे पाण्यातल्या व्यायामाची सोय आहे तिथे तिचा उपयोग होतो. फेरीनंतर पाय आधीपेक्षा जास्त घासत असतील तर फेरी लांबली असं समजावं. पहिला व्यायाम डॉक्टरांसमोर शिकून घेतलेला बरा.

वजनाचा मुद्दा घरच्यांना आवडत नाही. बिचाऱ्याचं आता खाण्याचंच सुख उरलंय, असं म्हणत पोळी-बिस्किटं वाढत जातात आणि अशक्त पायांवरचा भारही. मोजून खाणं देणं हा इथे उपचाराचाच भाग आहे.

लादी, जिना आणि झोळी

आपल्या घरांतली गुळगुळीत लादी हा या कुत्र्याचा सर्वांत मोठा शत्रू. तो दोन-तीनदा घसरून पडला की उठायलाच कचरतो आणि स्नायू आणखी लवकर जातात. सतरंजी स्वतःच सरकते, ती उपयोगाची नाही. खालून रबर असलेल्या पट्ट्या किंवा जुन्या योगा मॅट चालतात. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग वाट करावी. मध्ये हातभर लादी उघडी राहिली तर तो नेमका तिथेच अडतो. पंजाच्या गाद्यांमधले केस कापावेत, नखं वेळच्या वेळी कमी करावीत.

उचलायला मोठा टॉवेल किंवा घडी केलेली जुनी चादर मागच्या पायांच्या पुढून पोटाखाली घेऊन झोळी करता येते. नर कुत्र्याची लघवीची जागा दबणार नाही, हे पाहावं. रोजच्या वापराला मागे मूठ असलेला पट्टा घेतलेला चांगला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पस्तीस किलोचा कुत्रा तीन मजले एकट्याने वाहून नेणारा माणूसच काही दिवसांत पाठ धरून बसतो. पंजा घासून रक्त येऊ लागलं तर बाहेर जाताना बूट घालावेत, घरी आल्यावर काढून पंजा कोरडा करावा.

दोन चाकांची गाडी आता भारतातही मापाने बनवून मिळते. ती पाय पूर्ण लुळे पडण्याआधी आणावी, म्हणजे सवय होते. सुरुवात काही मिनिटांपासून, कायम कुणाच्या तरी नजरेखाली. बरेच कुत्रे एकदा सवय झाली की गाडी दिसताच शेपूट हलवू लागतात. पुढचे पायही थकू लागले की मात्र दोन चाकं पुरत नाहीत.

नंतरचे महिने

आता काम पायांपेक्षा कातडीचं असतं. जाड फोमवर रेक्झिन आणि वर सुती चादर, अशी गादी करावी. कूस दर चार तासांनी तरी बदलावी, रात्रीसुद्धा. कोपर आणि खुब्यापाशी लाली दिसली की ती बेडसोरची सुरुवात समजावी. लघवी ठिबकत असेल तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसण्याची शक्यता असते. पोट दाबून ते कसं रिकामं करायचं, हे डॉक्टर शिकवतात. ते नुसतं वाचून करून पाहू नये. संसर्ग झाला तरी या कुत्र्याला जळजळ जाणवेलच असं नाही, म्हणून लघवीचा वास किंवा रंग बदलला की तपासणी करावी.

पावसाळ्यात यात माशांची भर पडते. ओल्या, लघवीने भिजलेल्या केसांखालच्या छोट्या जखमेत एक-दोन दिवसांत अळ्या होऊ शकतात. मागचे आणि शेपटीखालचे केस बारीक ठेवावेत, तो भाग दिवसातून दोनदा प्रत्यक्ष केस बाजूला करून पाहावा. अळ्या दिसल्याच तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फिनेल किंवा रॉकेल ओतू नये.

ही सगळी सेवा बहुधा घरातल्या एकाच व्यक्तीवर येते, जी दिवसभर घरी असते तिच्यावर. रात्रीची कूस कोण बदलणार, उचलायला दुसरं कोण, खर्च किती झेपेल, हे सुरुवातीलाच सगळ्यांनी बसून ठरवलं तर पुढचे वाद टळतात.

निरोपाचा निर्णय

दुखणाऱ्या आजारात कुत्रा स्वतःच सांगतो की आता पुरे. या आजारात तसं होत नाही. तो शेवटपर्यंत भुकेला, ओळखणारा, दाराकडे पाहणारा असू शकतो, आणि म्हणूनच हा निर्णय इतका अवघड जातो. काही घरांत एक साधा उपाय करतात. कुत्र्याच्या खास आवडीच्या तीन-चार गोष्टी आधीच लिहून ठेवायच्या आणि रोज कॅलेंडरवर दिवस बरा की वाईट याची खूण करायची. वाईट दिवस जास्त होऊ लागले की डॉक्टरांशी बोलायचं. श्वासाला त्रास, गिळताना ठसका, पुढचे पाय जाणं किंवा न भरणारे व्रण दिसले तर कॅलेंडरची वाट पाहू नये.

दयामरण देताना बहुधा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही डॉक्टर त्यासाठी घरी येतात. दफन किंवा दहनाची सोय कुठे आहे, गाडी कुणाची, ही चौकशी आदल्या आठवड्यात करून ठेवावी. मोठा कुत्रा असेल तर त्या दिवशी उचलायला किमान दोन माणसं लागतात.