ताकात उतरलेली ब्राह्मी

बेंगळुरूच्या येलहंक्यातल्या बाजारात पालेभाजीवाल्यांकडे कोथिंबिरीशेजारी ओंदेलगाच्या जुड्या दिसतात. हीच मंडूकपर्णी. आपल्याकडे तिला कुणी ब्राह्मी म्हणतं, कुणी कारिवणा, तर गोव्यात ती एकपानी. जमिनीला धरून सरपटणाऱ्या बारीक वेलीला पेरापेरावर मुळं फुटतात आणि लांब देठावर दातेरी कडेचं गोलसर पान उभं राहतं. तळ्याकाठी, नारळाच्या आळ्यात ती कुणी न लावताच पसरते.

चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनं चार: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस, शंखपुष्पीचा कल्क. पोथीतली ही मंडूकपर्णी रोजच्या जेवणात आणली कर्नाटकातल्या बायकांनी, तंबुळी करून. तुपात जिरं-मिरी तडतडली की मूठभर पानं टाकायची, जेमतेम कोमेजू द्यायची, ओल्या खोबऱ्याबरोबर गुळगुळीत वाटायची आणि ताकात कालवायची. वरून मोहरीची फोडणी. उकळायचं मात्र नाही. पानाचा कडवटपणा खोबऱ्यात मुरतो आणि गार तंबुळी भाताबरोबर पोरंही मुकाट खातात. माझ्या मते हे पान टिकलं ते या वाटीमुळे.

लिनियसने 1753 साली या वनस्पतीची शास्त्रीय नोंद केली. एकोणिसाव्या शतकात मॉरिशस आणि पाँडिचेरीत कुष्ठरोगावर तिचे प्रयोग झाले. 1868च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’तही ती आली. पुढे तिच्यातलं एशियाटिकोसाइड जखमेच्या मलमांत गेलं, कारण त्याने त्वचेत कोलॅजन वाढतं. हल्लीची ‘सिका’ क्रीमं तिचीच. स्मरणशक्तीबद्दलचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे. म्हणून मी तंबुळी अन्न म्हणूनच खाते आणि कॅप्सुलांच्या वाटेला जात नाही. त्या खाऊन यकृत दुखावल्याच्या नोंदी आहेत.

येलहंक्याजवळच्या जारकबंडे कावलमध्ये अशा औषधी वनस्पतींचं ज्ञान जपणारी एफआरएलएचटी ही संस्था आहे. 1993 साली ती उभी करणाऱ्यांत दर्शन शंकर होते. त्याआधी त्यांनी आपल्या कर्जतच्या आदिवासी पाड्यांत काम केलं होतं. वैदूंचं ज्ञान नोंदवणं आणि घरोघरी औषधी रोपं लावायला लावणं, हे या संस्थेचं मोठं काम.

घरी रोप लावण्याची गरज आज जास्तच आहे. शहरातल्या तळ्यांत सांडपाणी उतरतं आणि मंडूकपर्णी मातीतलं शिसं पानात ओढून घेते. काठावरची पानं खुडू नयेत. मुळं फुटलेलं एक पेर पसरट कुंडीत, अर्ध्या सावलीत लावावं आणि माती सुकू देऊ नये.