बटणाचा हुद्दा

संगणकाच्या पुढच्या बटणाने वीज चालू होते, असे आपण समजतो. एकेकाळी ते खरेही होते. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूस, एक भलाथोरला लाल खटका होता. अगदी मीटरजवळच्या मेन स्विचसारखा. पुढे १९८४ च्या एटी यंत्राच्या ज्या नकला निघाल्या, त्यांत खटका दर्शनी बाजूला आला आणि त्याच्यासोबत २३० व्होल्टची जाड केबलही पेटीच्या आतून पुढपर्यंत आली! एसएमपीएसकडून मदरबोर्डला जाणारे प्लगही दोन, प्रत्येकी सहा तारांचे. काळ्याशेजारी काळी तार, हे जोडणाऱ्याला पाढ्यासारखे पाठ असावे लागे. उलटसुलट बसले तर बोर्ड जळण्याची भीती.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी पद्धत आणली. वीस तारांचा एकच प्लग, तोही उलटा बसणार नाही असा. (आता तो चोवीस तारांचा असतो.) पण खरी उलथापालथ बटणाची झाली. पूर्वी ते हेडमास्तर होते, आता नोटीस फिरवणारा शिपाई झाले. दाबले की दोन बारीक तारा क्षणभर जुळतात, एवढेच. ती खूण बोर्डाला कळते, बोर्ड एसएमपीएसची हिरवी तार काळीशी जोडतो, आणि मग खरा पुरवठा सुरू होतो. ही खूण कळावी म्हणून बोर्ड अर्धवट जागाच लागतो. त्यासाठी जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट सतत येत राहतात. 'बंद' संगणकात हात घालण्याआधी प्लग काढायचा तो म्हणूनच. आणि एसएमपीएसची पेटी तर घरी उघडूच नये, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असू शकते.

दुकानदार नाडी न बघताच "बोर्ड गेला" म्हणतो, त्यालाही इतिहास आहे. १९९९ ते २००७ या काळात बोर्डांवरचे निकृष्ट कपॅसिटर ढिगाने फुगले, गळले. डेल कंपनीला २००५ मध्ये त्यापायी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

मलाही गेल्या महिन्यात हेच ऐकवले गेले. पुतण्याने सुटे भाग आणून जोडून दिलेला पीसी एका सकाळी ढिम्म. आपल्या कुलवृत्तांताचे सारे टंकन त्यातच. बोर्ड गेला तरी हार्डडिस्क शाबूत राहते हे ठाऊक होते, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. भिंतीवरचे सॉकेट तपासले, एसएमपीएसच्या पाठीवरचा स्विच पाहिला. प्लग काढून मोठा कनेक्टर बोर्डापासून सोडवला, त्यातली हिरवी आणि काळी यांच्यात तारेचा तुकडा अडकवला आणि मग वीज दिली. पंखा फिरला. म्हणजे एसएमपीएसला धुगधुगी तरी होती. (सगळे व्होल्टेज ठीक आहेत असे नुसत्या पंख्यावरून म्हणता येत नाही, बरं का.) पुन्हा प्लग काढून कनेक्टर जागी बसवला. प्रोसेसरजवळचा छोटा प्लगही घट्ट होता. मग पॉवर बटणाच्या दोन तारा काढून तिथे रीसेट बटणाच्या लावल्या. वीज देऊन रीसेट दाबले, आणि यंत्र सुरू!

शिपाईच आजारी होता. त्याच्यासाठी नवा बोर्ड घ्यायचा, म्हणजे शाळाच पाडून बांधायची.

सध्या रीसेटचे बटणच पॉवरचे काम करते आहे. कुलवृत्तांताची प्रत पेनड्राइव्हवरही काढून ठेवली आहे. नाशिकच्या शाखेची माहिती मात्र अजून आलेली नाही. वाचत असाल तर पाठवा.